यमू कुठे गेली?

कॉमर्सला प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं गेलं की खात्याच्या उजव्या बाजूला 'जमा' आणि डाव्या बाजूला 'नावे'. माणसाच्या डोक्यावर देणं चढलं की ते त्याच्या 'नावे' पडतं. तेव्हा मी हे पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि सोडून दिलं. पण बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर आता वाटतं, ही परिभाषा ज्यानं कुणी बसवली तो नुसता हिशेबनीस नव्हता, तत्त्वज्ञ होता. माणूस जन्माला येतो आणि बाराव्या दिवशी त्याच्या नावे पहिली रक्कम पडते. ती म्हणजे त्याचं नाव. न मागता मिळालेलं कर्ज, आणि मुदत जन्मभराची.

बरं, हे कर्ज मंजूर कोण करतं? आत्या. ज्याच्या डोक्यावर ते बसायचं तो पाळण्यात मूठ चोखत पडलेला. त्याची सही नाही, अंगठा नाही. या व्यवहारात काहीतरी गैर आहे याची कुणकुण समाजालाही असावी, कारण कानात नाव सांगून होताच आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा आपल्याकडे रिवाज आहे. व्यवस्थापकाला कर्जवाटपानंतर लगेच असे धपाटे घालायची सोय असती तर बँकांची निम्मी बुडीत कर्जं टळली असती. असो.

काउंटरवर बसून माणसाचं वय ओळखायला जन्मतारीख लागत नाही. नाव पुरतं. कुसुम, मालती, विमल आल्या की मी न विचारता ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर लावायला घेतो. शोभा आणि मंगला निवृत्तीच्या पैशाची चौकशी करतात. वैशाली आणि संगीता घरकर्जाच्या हप्त्याबद्दल भांडतात. आणि सई, आर्या, कियारा यांची खाती त्यांच्या बापांनी उघडलेली असतात, कारण त्यांना अजून सही येत नाही. या रांगेत एक नाव मात्र मी नव्यानं येताना कधीच पाहिलं नाही. यमुना. यमुना नावाचं एकही खातं माझ्या हातून उघडलं गेलेलं नाही. बंद मात्र बरीच झाली. मृत्यूचा दाखला, वारसांचा अर्ज, आणि अर्जावर खाली सह्या: मुलगी कुसुम, नात वैशाली. एका फुलस्केप कागदावर सगळा इतिहास.

तसं पाहिलं तर या नावात खोट काढण्यासारखं काही नाही. घराणं बघा. बाप सूर्य, आई संज्ञा, जुळा भाऊ साक्षात यम. 'यम' या शब्दाचा एक अर्थच मुळी जुळा असा आहे. ऋग्वेदात यम आणि यमी या भावाबहिणीचा संवाद आहे, आणि नद्यांच्या सूक्तात गंगेच्या पाठोपाठ यमुनेला हाक मारलेली आहे. पुढे पुराणांनी यमी आणि यमुना एकच ठरवल्या. आपण भाऊबीज करतो ती यमद्वितीया, म्हणजे यम बहिणीकडे जेवायला गेला तो दिवस. यमाला माघारी पाठवणं सावित्रीलाही जमलं, पण तिला त्यासाठी वाद घालावा लागला. हिनं नुसतं ताट वाढलं, ओवाळलं, आणि वर ओवाळणी घेऊन त्याला परत पाठवलं. आपल्या वसुली खात्यात अशी एखादी बाई असायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

खोट काढली ती मनूनं. मनुस्मृतीत मुलींच्या नावांबद्दल दोन ठिकाणी नियम आहेत. एका ठिकाणी म्हटलंय, मुलीचं नाव सोपं, गोड, मंगल असावं आणि शेवटचं अक्षर दीर्घ असावं. यमुना इथे पैकीच्या पैकी गुणांनी पास. पुढच्या अध्यायात म्हटलंय, जिचं नाव नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं किंवा डोंगराचं असेल तिच्याशी लग्न करू नये. यमुना नापास. (पुराणांतला वैवस्वत मनू हा यमुनेचा सख्खा भाऊ. स्मृती सांगणारा मनू तो नव्हे, दुसरा; नाहीतर त्या भाऊबीजेला घरात चांगलीच जुंपली असती.) आणि गंमत अशी की या नियमाला महाराष्ट्रानं कधी भीक घातली नाही. घरोघर गंगू, यमू, गोदू, भागीरथी, नर्मदा. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, जिला पुष्कळ जण मराठीतली पहिली कादंबरी मानतात, तिचीही नायिका यमुनाच. नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांची दैना बघते. मनूचं कुठे ऐकायचं आणि कुठे ऐकायचं नाही, हे आपला समाज सोयीनं ठरवत आला आहे.

मग यमुना गेल्या कुठे? मला वाटतं, त्या एकदम गेल्या नाहीत. एकेक करून, लग्नाच्या मांडवात गेल्या. तांदळाचं ताट यायचं, नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव काढायचा, ताट हलवलं की तांदळातली अक्षरं मोडायची, पण बाईचं नाव कायमचं बदललेलं असायचं. १८६२ साली एक यमुना जन्मली. ती ११ वर्षांची असताना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी गेली आणि रमा झाली. १८६५ साली दुसरी यमुना जन्मली. ती ९ वर्षांची असताना गोपाळराव जोश्यांच्या घरी गेली आणि आनंदी झाली. दोन्ही नवरे बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतलेले. त्यांच्यावर टीका करण्याची माझी प्राज्ञा नाही. पण सुधारकांच्या घरीसुद्धा शिक्षणाचा पहिला धडा हाच होता: आधी पाटी पुसायची, मग अक्षरं गिरवायची.

त्यातली आनंदी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि १८८७ साली, बावीस वर्षांचीही व्हायच्या आत, गेली. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव आहे. कोणतं? 'जोशी'. शुक्रावर नियमच असा आहे की मोठी विवरं कर्तबगार बायकांच्या नावांनी ओळखायची, आणि वीस किलोमीटरांहून लहान असतील त्यांना जगभरची साधी बायकी नावं द्यायची. म्हणजे शुक्रावर जायला बाईनं कर्तबगारी केली नसती तरी चाललं असतं. उलट कदाचित तिचं स्वतःचं नाव तरी लागलं असतं.

नदीची गतही वेगळी नाही. यमुनोत्रीहून निघते, १,३७६ किलोमीटर चालते, प्रयागला गंगेला मिळते. संगमावर पाणी जास्त आणते ती यमुना. पुढे नाव चालतं गंगेचं.

आता घरचीच गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरात एक मोठं पितळी पातेलं होतं. लग्नात माहेरहून आलेलं. त्याच्या काठावर कासारानं ठोकून घातलेली अक्षरं होती: चि. सौ. कां. यमुना. लहानपणी मी आजीला विचारलं, ही यमुना कोण? आजी म्हणाली, "होती एक." मला वाटलं, शेजारीण असेल, पातेलं परत करायचं राहिलं असेल. आजीला घरात कुणी लक्ष्मी म्हणत, कुणी वहिनी, कुणी काकू, आणि आजोबा "अगं" म्हणत. या पातेल्याखेरीज यमुना हे नाव त्या घरात कुठेही नव्हतं. पुढे घरोघर स्टील आलं तसं आमच्याकडेही आलं, आणि पितळ मोडीत निघालं. मोडीत भाव वजनाचा. अक्षरांचे वेगळे पैसे भांडीवाल्यानं दिले नाहीत, आणि न्यायानं त्यानं ते का द्यावेत? ठोकून घातलेल्या अक्षरांनी पितळ वाढत नाही.

तेव्हा वाटतं, हा सरळ अन्यायाचा मामला आहे, निकाल देऊन मोकळं व्हावं. पण तसं होता येत नाही. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदावरीची आनंदी झाली. इथेही नदी पुसली गेली, पण त्या पुसण्यात केवढं धैर्य होतं! आणि २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची 'नकुशा' ही नावं एका समारंभात बदलली गेली. मुलगी नकोशी झाली म्हणून आईबापांनी नकुशा म्हणायचं, आणि शाळेत बाईंनी रोज हजेरीला ते नाव पुकारायचं. त्यांतल्या काहींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं. तिथे कोण म्हणेल की मूळ नाव जपायला हवं होतं? म्हणजे मुद्दा नाव बदलण्याचा नाहीच. मुद्दा एवढाच की ज्याच्या नावे रक्कम टाकायची, त्याला कुणी विचारलं का. बँकेत आम्ही साधा पत्ता बदलायचा तर खातेदाराचा अर्ज घेतो. यमुनेची लक्ष्मी करताना अर्ज सासरच्यांचा, मंजुरी सासरची, आणि खातेदार पाटावर मुंडावळ्या बांधून बसलेली.

मांडवातून ज्या सुटल्या त्या फॅशनमध्ये गेल्या. नाव एकदा आजीचं झालं की ते नातीला चालत नाही. त्यातही आपला न्याय अजब आहे. नर्मदा म्हटलं की नऊवारी डोळ्यांपुढे येते. रेवा म्हटलं की इंग्लिश मीडियम. नदी तीच, पाणी तेच. यमुना म्हटलं की लोक नाक मुरडतात, कालिंदी म्हटलं की "वा, वेगळं आहे हं!" म्हणतात, आणि कालिंदी म्हणजे यमुनाच हे सांगितलं की पुन्हा नाक मुरडतात. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून तिथल्या इरावती नदीचं नाव त्यांना मिळालं; ते नाव अजून तसंच तरतरीत आहे. नदी जितकी लांब, तितकं नाव मॉडर्न. आपल्याला नदी हवी असते, फक्त तिच्या काठी धुणं धुणारी आजी नको असते.

मध्यंतरी नात्यातल्या एका बारशाच्या चर्चेत मी 'यमुना' सुचवलं. खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. बाळाची आई म्हणाली, "काका, मुलं तिला शाळेत यमी म्हणून चिडवतील." बाळाचा बाप मोबाइलवर नावांची यादी सरकवत म्हणाला, "दिल्लीत यमुनेवर फेस तरंगतो, बातम्यांत दाखवतात." मी आजीचा विषय काढला. तेव्हा बाळाची आई जे म्हणाली ते मला खोडता आलेलं नाही. ती म्हणाली, "पणजीवर अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई हिनं का करायची? हिलाही कुठे कुणी विचारलंय?" पोरगी आर्ट्सची, पण बुककीपिंग पक्कं. पणजीचं देणं पणतीच्या नावे टाकणं ही खोटी नोंद झाली. मुलीचं नाव ईरा ठेवलं. सोपं, गोड, शेवटचं अक्षर दीर्घ. मनू खूश.

आता नियमही बदलतायत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असं सरकारी कागदांवर लिहिणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. चांगलं झालं. मुलीही हल्ली लग्नात नाव बदलत नाहीत, दोन्ही आडनावं लावतात, आणि आमच्या फॉर्मच्या चौकोनांत मावत नाहीत. तो त्रास मी आनंदानं सोसतो.

पण बँकांची जुनी पद्धत मात्र मला राहून राहून आठवते. फोनवर खातेदाराची ओळख पटवायची तर एक गुप्त प्रश्न विचारत: आईचं माहेरचं नाव काय? इतक्या हुशार लोकांनी खूप विचार करून हा प्रश्न शोधला असणार. चोराला तुमची जन्मतारीख कळेल, पत्ता कळेल, पगार कळेल. पण जगात कुणालाच ठाऊक नसेल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे तुमच्या आईचं नाव.

एकदा असाच एक निवृत्त गृहस्थ माझ्यासमोर फॉर्म घेऊन बसला होता. त्या रकान्याशी येऊन त्याचं पेन थांबलं. "लग्नानंतरचं चालेल?" म्हणाला. मी म्हटलं, "माहेरचंच लागतं." तो बाहेर गेला, मामाला फोन लावला. मामा नव्वदीचे, कमी ऐकू येणारे. काचेपलीकडून दिसत होतं, गृहस्थ ओरडून ओरडून विचारतोय. दहा मिनिटांनी परत आला तो बराच वेळ काही बोलेना. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यमुना! लिहा साहेब, यमुना! मला आज कळलं!"

ते गुप्त ठेवायचं असतं, हे मी त्याला सांगितलं नाही.