वचन, परंपरा आणि 'कुर्बान'

आजचे वाचन: मार्क ७:१-१३



परूशी येशूला विचारतात, तुझे शिष्य वाडवडिलांची रीत मोडून हात न धुता का जेवतात? प्रभू उलट त्यांनाच 'कुर्बान'ची आठवण करून देतो. आईवडिलांना द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' असं म्हटलं, की मुलगा मोकळा! म्हणजे देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा टाळायची.

आपले प्रोटेस्टंट बांधव हा उतारा आपल्यापुढे ठेवतात. ठेवावाच. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत मार्टिन लूथरने सांगितलं, शास्त्राने किंवा स्पष्ट विवेकाने पटवा, नाहीतर मी माघार घेणार नाही. १५४६ मध्ये त्रेंत धर्मसभेने शास्त्रलेख आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा यांना सारखाच मान दिला. पौलही तोंडी आणि पत्राने दिलेलं, दोन्ही शिक्षण धरून ठेवायला सांगतो (२ थेस्स. २:१५). शुभवर्तमान लिहिलं जाण्याआधी ते सांगितलं गेलं, हे विसरून कसं चालेल?

हा वाद आमच्या घरात पुस्तकातून आला नाही. आईचं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. आई गेली आणि महिन्याची मिस्सा ठरली. मामा म्हणाले, "मी येतो, पण मृतांसाठीच्या प्रार्थनेला आमेन म्हणणार नाही. ते वचनात नाही." माझ्या भावाने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय काढला. मामा म्हणाले, "ते आमच्या ६६ पुस्तकांत नाही रे." भाऊ म्हणाला, "आमच्या ७३ मध्ये आहे. आमेन म्हणायचं नसेल तर येऊ नका." मामा आले नाहीत. वर्ष होत आलं, दोघं बोलत नाहीत.

आणि बाबा? ते ऐंशीचे आहेत. आईला लहानपणापासून ओळखणारा एकच माणूस उरलाय, तो शेजारी बसावा, एवढीच त्यांची इच्छा.

आता सांगा, इथे 'कुर्बान' कोण म्हणतंय? परंपरेच्या आडून जसं कर्तव्य टाळता येतं, तसंच वचनाच्या आडूनही टाळता येतं. आईबापाचा मान राख, या आज्ञेला आम्ही चौथी म्हणतो, मामा पाचवी म्हणतात, आज्ञा तीच!

याचा अर्थ फरक खोटा आहे, असं नाही. मामांनी मनाविरुद्ध आमेन म्हणावं, असं मी म्हणणार नाही. मी आईसाठी प्रार्थना थांबवणारही नाही. पण १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने आपल्यालाच बजावलंय, की ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. सेवकाने दारातून पाहुणा परत पाठवायचा नसतो.

वर्षाच्या मिस्सेआधी मी भावाला घेऊन नगरला जाणार आहे. तुमच्याही घरात असा एखादा मामा असेल, तर आज त्यांना फोन करा.

प्रार्थना: हे प्रभो, तुझं वचन आणि पूर्वजांची ठेव, दोन्ही आम्ही जपतो. त्यांच्या आडून तुझी आज्ञा टाळण्यापासून आम्हाला वाचव. आमेन.