सुरक्षित वाटते की नाही, हे कोणी ठरवायचे?

 



गेली नऊ वर्षे मी न्यूझीलंडमध्ये मानसिक आरोग्य विभागात परिचारिका म्हणून काम करते आहे. सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग अजून मनातून जात नाही. एक माओरी तरुण वॉर्डात दाखल झाला होता. संध्याकाळी त्याला भेटायला दहा-बारा जण आले. आजी, मावश्या, चुलत भाऊ, लहान मुलेसुद्धा. मी नियमावर बोट ठेवले : एका वेळी दोघांनीच आत जायचे. आजी काही बोलली नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिली. त्या रात्री तो तरुण जेवला नाही, औषधही घेतले नाही. मी नोंद केली, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ दुसऱ्या दिवशी एका माओरी सहकारी भगिनीने ती नोंद वाचली आणि शांतपणे विचारले, “सहकार्य कोणी केले नाही? त्याने, की आपण?”

नियम सर्वांना सारखाच होता. मी कोणाशीही भेदभाव केला नव्हता. मग माझे चुकले कुठे?

याचे उत्तर याच देशात जन्मलेल्या एका विचारात आहे. 1988 साली नर्सिंग शिक्षणाविषयीच्या एका सभेत एक माओरी विद्यार्थिनी उभी राहिली. कायद्याची सुरक्षितता, उपचारांची सुरक्षितता याबद्दल तुम्ही बोलता, पण आमच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय, असे तिने विचारले. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने तो प्रश्न उचलून धरला आणि 1992 पासून सांस्कृतिक सुरक्षितता इथल्या नर्सिंग शिक्षणाचा भाग झाली. रॅम्सडेन यांचे म्हणणे असे : रुग्णाच्या चालीरीती पाठ करणे म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता नव्हे. आधी परिचारिकेने स्वतःकडे पाहावे. माझ्या हातात कोणती सत्ता आहे, माझे पूर्वग्रह कोणते, हे तपासावे. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, याचा निर्णय सेवा देणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने करावा.

या आग्रहामागे इतिहास आहे. 1840 च्या वाइतांगी करारात माओरींना दिलेली वचने मोडली गेली, जमिनी गेल्या. शाळेत मातृभाषा बोलली म्हणून मुलांनी मार खाल्ला. 1907 च्या कायद्याने त्यांच्या पारंपरिक वैद्यांवर, म्हणजे तोहुंगांवर बंदी घातली. तो कायदा रद्द व्हायला 1962 साल उजाडले. ज्या सरकारने त्यांचा वैद्य गुन्हेगार ठरवला, त्याच सरकारच्या दवाखान्यात नातवाला ठेवून ती आजी बाहेर बसली होती. तिच्यासाठी माझा साधा नियम साधा नव्हता.

मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी 1980 च्या दशकात माओरी आरोग्याची मांडणी घराच्या रूपात केली. त्या घराला चार भिंती आहेत : शरीर, मन, वाइरुआ म्हणजे आत्मिक बाजू, आणि फानाऊ म्हणजे कुटुंब. एक भिंत ढासळली तर घर उभे राहत नाही. मी त्या संध्याकाळी एक भिंतच दाराबाहेर ठेवली होती.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, तथागतांनी सांगितलेले दुःख सर्व मानवांचे एकच आहे, मग माओरीला वेगळी सेवा कशाला? दुःख एकच आहे, हे खरे. पण महावग्गातील आजारी भिक्खूची कथा आठवा. तो भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता. भगवंतांनी आधी त्याला विचारले, तुला काय होते आहे, तुझी सेवा करणारे कोणी आहे का? आपण संघाच्या काही उपयोगाचे नाही, म्हणून कोणी विचारत नाही, असे त्याने सांगितले. मग भगवंतांनी आणि आनंदांनी त्याला आपल्या हातांनी धुतले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखणे, हा त्यांतला एक. सर्वांना एकच मात्रा देणे म्हणजे समता नव्हे.

दुसरी शंका मला स्वतःला जास्त छळत होती. ‘संस्कृती’ हा शब्द ऐकला की आपण सावध होतो. आपल्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यापासून दूर ठेवले ते संस्कृतीच्याच नावाने. मग संस्कृतीने माणूस सुरक्षित कसा होणार?

वडील गेले तेव्हा मला भारतात जाता आले नाही. मन सावरेना, म्हणून मी इथल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. बाई मनाने चांगल्या होत्या, भारतीय संस्कृतीचे प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांनी आपुलकीने सुचवले, “जवळच मंदिर आहे, तिथे जा. आपल्या माणसांत बरे वाटेल.” माझ्या वडिलांना लहानपणी गावच्या मंदिराच्या पायरीवरून हाकलले होते. मी मान डोलावली, आभार मानले आणि परत कधी गेले नाही. त्यांच्या वहीत बहुधा नोंद असेल, ‘रुग्णाने येणे बंद केले.’

तेव्हा मला रॅम्सडेन नीट कळल्या. माओरींची संस्कृती सत्तेने हिरावून घेतली, आपल्यावर ती सत्तेने लादली. ही दोन दुःखे एक नाहीत आणि त्यांची बरोबरी मी करणार नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : तू कोण आहेस, हे कोणी ठरवायचे? म्हणून कुटुंब नको म्हणणाऱ्या माओरी तरुणावर कुटुंब लादणे, हेही असुरक्षितच. ठरवायचे त्यानेच.

मी आत्मा मानत नाही. तरीही रुग्णाच्या खोलीत कराकिया, म्हणजे त्यांची प्रार्थना, सुरू असते तेव्हा मी स्तब्ध उभी राहते. त्यांचा विश्वास मी स्वीकारावा, असे त्यांनी कधी म्हटलेले नाही. त्यांना हवी असते ती फक्त जागा. मैत्री भावनेला तेवढी जागा करता आली पाहिजे.

बंधू-भगिनींनो, आपल्याला इथे व्हिसा सरकारने दिला, पण आपण राहतो ती भूमी माओरींची आहे. करारामुळे इथे राहण्याचा हक्क मिळालेल्यांना ‘तांगाता तिरिती’ म्हणतात. त्यांत आपणही आलो. जातीचे दुःख जगाने ओळखावे म्हणून आपण इथे आवाज उठवतो. मग या भूमीच्या लेकरांचे दुःख आपण ओळखायला नको का? आपल्यातले अनेक जण दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत, औषधांच्या दुकानांत काम करतात. तिथे आपणच सत्तेच्या बाजूला उभे असतो.

आता कोणी नवीन दाखल झाले की नियम सांगण्याआधी मी विचारते, “तुमच्यासोबत कोण असावे असे तुम्हाला वाटते?” उत्तर दर वेळी वेगळे असते. कधी खोलीत खुर्च्या कमी पडतात. मग मी बाहेरचा बाक आत आणते.

भवतु सब्ब मंगलं!