तेरा तालुके, चार प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातले तेरा तालुके वर्णक्रमाने फळ्यावर लिहा: खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, नांदुरा, बुलढाणा, मलकापूर, मेहकर, मोताळा, लोणार, शेगाव, संग्रामपूर, सिंदखेड राजा. एका मुलीने मनात एक तालुका धरायचा. बाकीच्यांनी हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारून तो ओळखायचा. ‘खामगाव का? चिखली का?’ असे विचारत गेले, तर बारा प्रश्नही लागतील. पण ‘मलकापूरच्या आधी येतो का?’ असे विचारले, की जवळपास निम्मी यादी एका उत्तरात गळते. उरलेल्या यादीचे पुन्हा दोन भाग करायचे. कोणताही तालुका असो, चार प्रश्नांत सापडतो.

यादी मोठी करू. जिल्ह्यातल्या सुमारे १,४०० गावांना ११ प्रश्न पुरतात. गावे दुप्पट झाली, तरी प्रश्न एकच वाढतो. सहावीतल्या मुलाने हे स्वतः करून पाहिले, की तो चकित होतो, आणि हे चकित होणे फार मोलाचे आहे. मग त्याला विचारावे, नावे विस्कटलेली असतील तर? तेव्हा ही युक्ती चालत नाही. आधी यादी क्रमाने लावावी लागते, आणि लावायलाही कष्ट पडतात. एकच गाव एकदाच शोधायचे असेल, तर सरळ वरून खाली वाचलेले बरे. रोज शोधायचे असेल, तर एकदा लावून ठेवावी. कोणते काम कधी परवडते, हा हिशेब मुलाने मांडला की तो संगणकशास्त्रात शिरला. विजेचे बटण अजून दाबायचेच आहे.

न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याची ही रीत रुजवली. भारतात एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातल्या संघटनेचा सीएसपाठशाला हा उपक्रम २०१६पासून शाळांसाठी असेच पाठ तयार करतो.

आपल्याकडे मात्र संगणक शिक्षण म्हटले की डोळ्यांपुढे संगणकांची खोली येते. केंद्राची शाळांसाठीची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान (आयसीटी) योजना डिसेंबर २००४मध्ये आली. महाराष्ट्रात पुष्कळ प्रयोगशाळा ‘बूट’ पद्धतीने उभ्या राहिल्या: कंत्राटदाराने यंत्रे बसवायची, शिकवणारा माणूसही त्यानेच नेमायचा आणि पाच वर्षांनी सगळे शाळेच्या हवाली करायचे. मुदत संपली की यंत्रे शाळेत राहतात, माणूस जातो. हा दोष यंत्रांचा नाही, आखणीचा आहे. यंत्र जुने होतेच. शिकवण्याची जाण शाळेच्या स्वतःच्या शिक्षकात उतरली असती, तर पाच वर्षांनी ती वाढलेली दिसली असती.

याचा अर्थ गावातल्या मुलांना खडू-फळा पुरे आणि शहरातल्यांना लॅपटॉप, असा कोणी काढू नये. आपण लिहिलेली आज्ञावली चालते की चुकते, हे यंत्रावरच कळते, आणि चूक शोधून दुरुस्त करण्यातच निम्मे शिक्षण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात शिकणाऱ्या मुलाचा त्या यंत्रावर मुंबईच्या मुलाइतकाच हक्क आहे. फक्त क्रम नीट हवा: आधी शिक्षक, मग तासिका, मग यंत्र. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग चालवणाऱ्या शाळेत तर तासिका गणिताच्याच तासातून काढावी लागेल. तालुक्यांचा खेळ तिथे सहज बसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावीपासून कोडिंग आणायचे म्हटले आहे. धोरण दिल्लीत ठरते. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ने शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार दिला आहे, आणि या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्या समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत संगणक किती मिळणार हे जरूर विचारा. त्याआधी, ते शिकवणार कोण आणि कोणत्या तासाला, हे विचारा आणि उत्तर आराखड्यात लिहून घ्या.