पास झालेल्या मुलाच्या हाती आपण काय देतो?



आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. त्याच्या थोडे आधी दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. कंधार तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत त्या दिवसांत घरोघर पेढे वाटले जातात. मी शिक्षक आहे, आणि माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून ज्या घरातले पहिले पोर पास होते त्या घरातला आनंद काय असतो, हे मला कोणी सांगायला नको.

अशाच एका घरी मी पेढा खायला गेलो होतो. अंगणात सोळा-सतरा वर्षांची आठ-दहा मुले बसली होती. पुढ्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या होत्या आणि खाटेखाली दुसऱ्या. मुलाच्या वडिलांनी माझी नजर ओळखली. हसून म्हणाले, "गुरुजी, पोरगं पास झालंय. लपून कुठंतरी प्यायचंच, त्यापरीस आपल्या डोळ्यादेखत एक ग्लास घेतला तर काय बिघडलं?"

मी काय बोललो? काहीच नाही. पेढा खाल्ला आणि घरी आलो. त्या दिवशी गप्प बसलो, त्याची लाज वाटते म्हणून आज बोलतो आहे.

तो बाप वाईट नाही. राबून त्याने मुलाला शिकविले. मुलावर त्याची माया आहे, आणि त्या मायेपोटीच तो चुकतो आहे. भगवंतांच्या काळीही असेच घडले होते. विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्यांनी आंबतीर्थाच्या आश्रमातल्या एका भयंकर नागाला वश केले. ही कीर्ती कोसंबीला पोहोचली. तिथल्या उपासकांना वाटले, एवढ्या थोर भिक्खूला दुर्मिळ असे काहीतरी द्यावे. घरोघर उंची मद्य तयार ठेवले गेले. सागत भिक्षेला आले, प्रत्येक दारी थोडे थोडे प्याले आणि नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले आणि भगवंतांकडे डोके करून निजविले. पण त्यांनी कूस बदलली आणि पाय भगवंतांकडे पसरले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले : ज्याने नागाला जिंकले तो आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? तिथूनच भिक्खूंसाठी मद्यपानाच्या निषेधाचा नियम झाला.

बंधूंनो, त्या उपासकांचा हेतू कुठे वाईट होता? शत्रूने नव्हे, चाहत्यांनी सागताला पाडले. आपला मुलगाही परीक्षेचा नाग जिंकून आलेला असतो, आणि आपणच त्याच्या हाती ग्लास देतो.

"डोळ्यादेखत" म्हणणाऱ्या बापाला वाटते, मुलगा प्रमाण शिकेल. मुलगा प्रमाण शिकत नाही, तो परवानगी शिकतो. घरात मिळालेली परवानगी तो मळ्यावर नेतो, लग्नाच्या वरातीत नेतो, मोटारसायकलवर नेतो. माणसाच्या मेंदूची वाढ विशी उलटून गेली तरी चालू असते आणि विचार करून स्वतःला आवरण्याची शक्ती सर्वांत शेवटी पक्की होते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की दारूचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. कायद्याचेही तेच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यात बापाला सवलत नाही.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या रात्री काय घडले ते आपण वाचले आहे. बारावी पास झाल्याच्या आनंदात पार्टी करून निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर ठार झाले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांनाही अटक झाली. त्या घरी पैसा होता, वकील होते. आपल्या मुलाच्या हातून असे घडले तर आपल्यापाशी काय आहे? आणि मेलेली ती दोन मुले तर कुणाच्याच पैशाने परत येत नाहीत.

आता जयंतीकडे पाहा. नांदेडजवळ बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात बाबासाहेबांची जयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. ज्या जयंतीसाठी असे मोल द्यावे लागते, त्याच जयंतीच्या मिरवणुकीत आपली मिसरूड फुटलेली पोरे झिंगून नाचतात आणि आपण म्हणतो, "वर्षातून एकदाच तर आहे!" पंचशीलातले पाचवे शील वर्षातून एक दिवस बाजूला ठेवायचे नसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याचीच आहे.

खुद्द बाबासाहेबांच्या मुलपणीची गोष्ट सांगतो. भीमराव शाळेतली परीक्षा पास झाले, तेव्हा वस्तीतल्या लोकांना सभा भरवून त्यांचे कौतुक करायचे होते. वडील रामजी सुभेदार तयार होईनात. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती होती. शेवटी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांचे मन वळविले. सभा झाली आणि केळुसकरांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पास झालेल्या मुलाच्या हाती त्या दिवशी एक पुस्तक पडले. त्याच मुलाने पुढे लाखोंना बुद्धाच्या वाटेवर आणले. दुसरे काही हाती पडले असते तर?

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांतले पहिले आहे मुलाला वाईटापासून आवरणे. त्यासाठी चार गोष्टी आजपासून करू या. मुलाला बाटली आणायला पाठवू नये. बापाने आधी स्वतःचा ग्लास खाली ठेवावा, कारण मूल कानापेक्षा डोळ्यांनी अधिक शिकते. जयंतीच्या वर्गणीतला एकही पैसा दारूकडे जाणार नाही, हे वस्तीतल्या आयाबहिणींनी पाहावे. आणि निकालाच्या दिवशी मुलाला विहारात आणून सर्वांसमोर त्याच्या हाती एक पुस्तक द्यावे, मग खुशाल गोडधोडाची पंगत करावी.

त्या घरी मी पुन्हा जाणार आहे. या वेळी रिकाम्या हाताने नाही, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेऊन. आणि जे त्या दिवशी बोललो नाही, ते त्या बापाशेजारी खाटेवर बसून बोलणार आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!