खऱ्या रेषेची किंमत

अप्रिय सत्य सांगणाऱ्याने त्या सत्याचे ओझेही उचलावे काय? प्रश्न जुनाच, पण अमेरिकेतील पूरनकाशांचा इतिहास वाचताना तो मला नव्याने पडला.

खाजगी कंपन्या पुराची जोखीम पत्करीनात, म्हणून १९६८ साली तेथे सरकारनेच पूरविमा सुरू केला. ज्या जमिनीला कोणत्याही एका वर्षी पूर येण्याचा संभव निदान शेकडा एक, ती नकाशावर रेषेने वेगळी दाखवितात. हा एक आकडा क्षुल्लक वाटतो. पण तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तोच शेकडा सव्वीस होतो. १९७३ च्या कायद्यापासून रेषेच्या आतल्या घरावर बँकेचे कर्ज काढायचे, तर बहुधा पूरविमा सक्तीचाच. नकाशा सुधारला की रेषा सरकते. नदी तेथेच, घरही तेथेच; पण काल निर्धास्त निजलेला गृहस्थ आज हप्त्याचा देणेकरी होतो.

त्याचा संताप मला समजतो. परंतु पूर काही रेषेने आणलेला नसतो. २०१७ साली हार्वे वादळात ह्यूस्टनमध्ये रेषेबाहेरचीही हजारो घरे बुडाली, आणि पुष्कळांजवळ पूरविमा नव्हता. पाणी नकाशा पाहून येत नाही.

मग दया कोठे दाखवावी? हप्ते खऱ्या जोखमीइतके व्हावेत असा कायदा तेथे २०१२ साली झाला. लोकांनी ओरड केली आणि २०१४ साली त्यातला बराच भाग मागे घेतला गेला. २०२१ पासून घराघराची जोखीम निरनिराळी मोजून हप्ता ठरू लागला. मात्र बहुतेक राहत्या घरांचा हप्ता वर्षाला शेकडा अठराहून अधिक वाढविता येत नाही. म्हणजे सत्यही हप्त्याहप्त्यानेच सांगायचे!

कोणी म्हणेल, यात वाईट काय? गरिबाला तेवढाच श्वास मिळतो. मिळतो खरा, पण कृत्रिम स्वस्त हप्ता नव्याने घर घेणाऱ्याच्या कानात ‘येथे भय नाही’ असेही सांगत असतो. वैद्याने फी माफ करावी, निदान बदलू नये. ज्या सरकारच्या जुन्या नकाशावर विसंबून माणसाने घर घेतले, त्या सरकारने नव्या नकाशाबरोबर आपला हातही पुढे केला पाहिजे : घर उंच करायला, किंवा ते सोडून जायला, उघडपणे, तिजोरीतून. रेषा मात्र पाण्याने आखली तिथेच असू द्यावी.