सोबतचा दांडा

निवांत बसा. पाठ सैल सोडा. मन किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत जाऊ द्या.

औंधच्या राजांनी कुंडलजवळ दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये हा कारखाना उभारला. आधी नांगर, मग पंप. तिथे लोखंडाचा रस साच्यात उतरतोय, तो पाहा. वरून अंग नितळ निघेल. आत ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, राहिलं असेल का? या प्रश्नापाशी थांबा. घाई नको.

आता धातूचं थ्रीडी प्रिंटिंग: आर्गॉन भरलेली बंद पेटी. पोलादाची भुकटी रांगोळीसारखी पसरते, लेसर हवी तेवढीच वितळवतो, पाट किंचित खाली सरकतो, पुन्हा भुकटी. थर ४० मायक्रॉनचा धरला तर सेंटिमीटरभर उंचीला २५० थर. एकेका श्वासाला एकेक थर चढू द्या. साचा गेला, प्रश्न राहिलाच: दोन थर नीट एकजीव झाले का?

२०१७ मध्ये सीमेन्सने स्लोव्हेनियातल्या क्रश्को अणुवीज केंद्राच्या अग्निशमन पंपात असा छापलेला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, बसवला. व्यास १०८ मिलिमीटर. मूळ भाग बनवणारी कंपनी बंद पडलेली, म्हणून जुन्या इम्पेलरवरूनच नवा आराखडा केला. आग विझवणारा पंप म्हणजे सुरक्षेचाच भाग. तिथे अंदाज चालत नाही.

आता सगळं बाजूला ठेवा. मन एका दांड्यावर आणा.

भाग छापताना त्याच भुकटीतून, त्याच पाटावर काही साधे दांडेही छापतात. ते कुठेच बसायचे नसतात. यंत्रात धरून त्यांना तुटेपर्यंत ओढतात. काही उभे छापलेले, काही आडवे, कारण थरांच्या दिशेनुसार ताकद बदलते. फौंड्रीवाल्यांना यात नवल नाही. तेही त्याच रसातून टेस्ट बार ओततात. इम्पेलरचं सीटी स्कॅन होईल, पण तो तोडून कसा पाहणार? म्हणून त्याच्या वतीने दांडा तुटतो. मला लेसरपेक्षा याचंच अप्रूप जास्त.

तो तुटका दांडा हातात घ्या. तुटल्या जागी मान बारीक झाली आहे: पोलाद चिवट, तुटण्याआधी ताणलं गेलं. बोट फिरवा. आणि मान बारीक न होता तो कटकन तुटला असता तर? तर इम्पेलर कितीही देखणा असो, पंपात जाणार नाही.