भिंतीची ओल

घरातले काय झाकावे आणि काय उघडे राहू द्यावे, हा प्रश्न वरवर पाहुण्यांच्या आदरातिथ्याचा वाटतो. खरे पाहता तो नीतीचा आहे. तळघरातली न्हाणी दुरुस्तीला काढली नसती, तर मला तो इतक्या जवळून दिसला नसता.

लोणावळ्यात उतारावर बांधलेल्या घरांचा खालचा मजला एका बाजूने डोंगरात गाडलेला असतो. आमचे घरही तसेच. काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले. या गावावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो मातीत मुरतो आणि उतरत उतरत मागच्या भिंतीशी येऊन थबकतो. काळा दगड फारसे पाणी पीत नाही. पितात त्या दगडांमधल्या दरजा. मग आतला गिलावा फुगतो आणि त्यावर पांढरा लोणा फुलतो.

आई खालीच राहते. तिने ऐंशी ओलांडली आहे. न्हाणी मोडकळीला आल्यापासून अंघोळीसाठी तिला जिना चढावा लागे. मी पूर्वी कधी साधा कट्टाही बांधून घेतला नव्हता. मिस्त्रींनी दोन वाटा सांगितल्या. “साहेब, सिमेंटचा गिलावा मारतो, वर टाइल्स लावतो. पंधरा दिवसांत न्हाणी तयार. दोन पावसाळे तरी काही दिसायचं नाही.” दुसरी वाट लांबची. भिंतीमागे बाहेरून चर खणायचा, तळाशी भोके पाडलेला पाइप टाकून वर खडी भरायची, पाणी ओढ्याकडे काढून द्यायचे. आतला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवायची आणि ती सुकली की चुन्याचा गिलावा करायचा. सुकायला किती महिने, ते भिंत ठरवणार.

पहिली वाट लबाडीची, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण आईच्या गुडघ्यांचे काय? सचोटीचा आग्रह मी धरायचा आणि त्याची किंमत तिने रोज वीस पायऱ्यांनी मोजायची, हा आग्रह तरी कितपत स्वच्छ?

शिवाय झाकणे म्हणजे खोटेपणा, असेही नाही. आपण कपडे घालतो, दुःख असले तरी सणाला हसतो. चुन्याचा गिलावाही दगड झाकतोच. पण चुना भिंतीतली वाफ बाहेर सोडतो, आणि ओल वाढली की डाग दाखवून सांगतो. सिमेंट आणि टाइल्स ती ओल आत कोंडतात. पाणी मात्र नाहीसे होत नाही. ते वर चढते, शेजारच्या खोलीत फुटते, तुळईचे टोक कुजवते. झाकलेले दुखणे कोणीतरी सोसतेच. ज्याने झाकले, तो बहुधा तोवर तिथे राहिलेला नसतो.

1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. घाटात माती धरून ठेवणाऱ्या भिंती पाहाव्यात. त्यांत मुद्दाम भोके ठेवलेली असतात आणि पावसाळ्यात ती वाहतात. मागे साचणाऱ्या पाण्याला वाट दिली, म्हणून त्या भिंती उभ्या राहतात. तिकडे भाज्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीची एक पोढी आहे. ती दान देणाऱ्या महारठी विण्हुदताचे नाव तिथे कोरलेले आहे. पाणी साठवून दिल्याचे पुण्य असे नावानिशी मिरवता येते. पाणी काढून दिल्याचे कोण कोरणार? आमचा चर तर मातीखाली गेला आणि त्यावर गवत उगवले.

तोड आईनेच काढली. “भिंत सुकेल तेव्हा सुकू दे. मला धरायला दांडी घट्ट बसवून दे,” ती म्हणाली. तसेच केले. चर खणला, जमिनीला मोरीकडे नीट उतार दिला, पाणी उडते त्या आतल्या भिंतींना टाइल्स लावल्या, दांडी बसवली. मागची भिंत तेवढी उघडी ठेवली. पूर्वी तिची ओल खांद्यापर्यंत चढे. यंदाच्या पावसाळ्यात ती गुडघ्याशी थांबली. अजून गेलेली नाही.

या नरक चतुर्दशीला आई तिथेच अभ्यंगस्नान करील. समोर ती ओबडधोबड भिंत असेल. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारीलच, “हे एवढे का राहिले?” आम्ही सांगू, “तिथे ओल आहे.”